चाकांवरचा संसार

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. ही दोन कामे ज्याने पार पाडली त्याला संसार कळला, असा तिचा रोख. अमेरिकेत मात्र अशी कितीतरी जोडपी आहेत, की ज्यांनी लग्न केले, घर घेतले, मुले वाढवली, कर्ज फेडले आणि मग एके दिवशी ते घर विकून उरलेला संसार एका मोटारीत भरला. या मोटारीला तिकडे 'रिक्रिएशनल व्हेइकल' किंवा थोडक्यात 'आर. व्ही.' म्हणतात. कधी ती बसएवढी स्वतंत्र गाडी असते, कधी ट्रकच्या मागे जोडलेला डबा असतो. आत निजायची जागा, शेगडी, फ्रीज, न्हाणी आणि संडास. सुट्टीपुरती ही गाडी घेणारे पुष्कळ. पण वर्षाचे बाराही महिने तीत राहणारे आणि दुसरे घरच नसणारे जे आहेत, त्यांना 'फुल-टाइमर' असे नाव पडले आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते; यांचे चाकांवर.

या जीवनाचे आकर्षण आमच्या पिढीला फार आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर डोंगराच्या कुशीत उभी असलेली गाडी, दारात दोन खुर्च्या आणि हातात वाफाळता कप असलेले जोडपे पाहिले, की आमच्या वर्गातले निम्मे मित्र उसासा टाकतात. "नोकरी नको, घराचे हप्ते नकोत, एक गाडी घ्यावी आणि सुटावे!" हे वाक्य मी उपाहारगृहात किती वेळा ऐकले असेल, त्याची गणती नाही. अशा चर्चेत बहुधा सगळा भर फिरण्यावर असतो. या विषयावर जे काही वाचले, पाहिले, त्यावरून माझे मत निराळे झाले आहे. या जीवनात फिरणे ही सोपी गोष्ट आहे. अवघड प्रश्न रोज संध्याकाळी उभा राहतो, आणि तो असा, की आज रात्री थांबायचे कोठे? स्वातंत्र्य मोजायचेच असेल तर माणूस किती मैल जाऊ शकतो यावर मोजू नये. त्याला हवे तेव्हा आणि हवे तितके दिवस थांबता येते की नाही, यावर मोजावे.

प्रथम त्यांचा दिवस कसा जातो ते पाहू. मुक्कामाला पोचल्यावर पहिले काम गाडी समतल करण्याचे. चाकाखाली फळ्या सरकवून किंवा यांत्रिक पाय टेकवून ती सरळ करावी लागते, कारण अनेक गाड्यांतले गॅसवर चालणारे फ्रीज गाडी कलती असेल तर नीट चालत नाहीत. मग वीज जोडायची, पाण्याची नळी जोडायची. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी आंघोळीच्या व भांड्यांच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. दुसरीला करडी टाकी म्हणतात, तिसरीला काळी. काही दिवसांनी या टाक्या ठरावीक जागीच रिकाम्या कराव्या लागतात, आणि त्यातही आधी काळी व मग करडी, म्हणजे सांडपाण्याने नळी धुऊन निघते. पडद्यावरच्या चित्रात हातमोजे घालून ती नळी धरणारा माणूस सहसा दिसत नाही. पण ज्याने घर सोडले त्याच्या वाट्याला पहिल्यांदा जर काही आले असेल, तर आपली घाण आपण वाहून नेण्याची जबाबदारी! शहरात आपण साखळी ओढतो आणि विसरतो. येथे विसरता येत नाही.

जागा साधारण दोनशे ते चारशे चौरस फूट. नवा सदरा घेतला तर जुना काढावा लागतो. कारण जागेचा प्रश्न आहेच, शिवाय गाडीला वजनाची मर्यादा असते. पाऊस लागला, की दोघे दिवसभर समोरासमोर. एक जण पहाटे उठून कॉफी करू लागला, की दुसऱ्याची झोप मोडलीच. निघण्यापूर्वी कपाटाच्या कड्या लावल्या का, नळी काढली का, पायरी आत घेतली का, याची उजळणी दोघांनी मिळून करावी लागते. एक कडी राहिली तर पहिल्याच वळणावर बशा जमिनीवर. आणि सर्वांत मोठी परीक्षा म्हणजे गाडी मागे घेऊन आखलेल्या जागेत उभी करणे. एक जण चाक धरतो, दुसरा मागे उभा राहून हात करतो. आरशात हात दिसत नाही, हाक ऐकू येत नाही, आणि शेजारचे बिऱ्हाडकरी खुर्च्या टाकून हा तमाशा पाहत असतात. फुल-टाइमर मंडळीत यावरून होणाऱ्या भांडणांचे विनोद फार प्रसिद्ध आहेत. मला यात एक चांगली गोष्ट दिसते. आपल्याकडे 'घर तिचे, बाहेर त्याचे' अशी जी वाटणी आपण मुकाट्याने स्वीकारलेली असते, ती इतक्या लहान जागेत टिकणे कठीण. कोणी कोणते काम करायचे हे बोलून ठरवावे लागते. भिंती गेल्या तरी संसार उरतो, आणि तो या रोजच्या ठरवण्यात असतो, हे या जोडप्यांनी दाखवून दिले, हे मी मान्य करतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. थांबायचे कोठे? खासगी छावणी-मैदाने आहेत, तेथे वीज, पाणी आणि टाकी रिकामी करण्याची सोय असते. पण भाडे द्यावे लागते. काही मोठ्या दुकानांच्या वाहनतळावर व्यवस्थापकाच्या मर्जीने एखादी रात्र काढता येते. पश्चिमेकडील राज्यांत केंद्र सरकारच्या ताब्यातील विस्तीर्ण ओसाड जमिनी आहेत. 'ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या खात्याच्या बऱ्याचशा जमिनींवर फुकट राहता येते. पण साधारणपणे अठ्ठावीस दिवसांत चौदाच दिवस. मग हलायचे. अॅरिझोनातील क्वार्टझसाइट या लहानशा गावाजवळच्या वाळवंटात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने फी भरून राहण्याची परवानगी आहे, म्हणून दर हिवाळ्यात तेथे गाड्यांचे एक शहरच वसते आणि उन्हाळा तापू लागला की विरून जाते. म्हणजे पाहा, ज्याला आपण मनसोक्त भटकंती समजतो, तिच्या मागे दिवसांची मोजदाद सतत चालू असते. पाखरे ऋतूप्रमाणे हलतात, ही माणसे ऋतू आणि नियम या दोहोंप्रमाणे.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. आपल्या महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जावर 'कायमचा पत्ता' असा रकाना असतो. आपण तो विचार न करता भरतो. ज्याचे घर रोज हलते त्याने काय भरावे? वाहनाचा परवाना, बँक, विमा, कर, मतदान, सगळ्यांना पत्ता हवा. म्हणून फुल-टाइमर मंडळी बहुधा साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा या राज्यांचा आश्रय घेतात. या तिन्ही राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही, आणि टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या संस्था तेथे आहेत. साउथ डकोटात तर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून वाहन-परवाना काढण्याची सोय या प्रवाशांना वर्षानुवर्षे मिळत आली. परंतु २०२३ साली त्याच राज्याने कायदा केला, की मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर तेथे तीस दिवसांचे वास्तव्य हवे. कर भरायला आणि गाडी नोंदवायला एक रात्र पुरते. मत द्यायला पुरत नाही! लोकशाहीतसुद्धा नागरिक म्हणून मोजले जाण्यासाठी आधी कोठेतरी थांबावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

या साऱ्या पंथाचे अध्वर्यू म्हणून ज्यांचे नाव घेतात, त्या जो आणि के पीटरसन या दांपत्याची कहाणी माझ्या म्हणण्याला पुष्टी देते. तो वीजतंत्री, ती परिचारिका. घरदार सोडून ती दोघे गाडीतून फिरत काम करू लागली. १९७८ साली त्यांनी 'एस्केपीज' नावाचा फुल-टाइमरांचा संघ स्थापन केला. के पीटरसन यांच्या पुस्तकाच्या नावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'जेथे गाडी उभी कराल तेथे घर' असा होतो. नीट पाहा, 'जेथे गाडी चालवाल तेथे' असे त्यांनीही म्हटले नाही. पुढे या संघाने टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन गावी आपले ठाणे केले. सभासदांचे टपाल तेथे येते आणि तेथून जेथे असतील तेथे जाते. त्यालगतच वृद्ध आणि आजारी सभासदांसाठी केंद्र उभे राहिले. ज्यांना आता गाडी चालवणे झेपत नाही, किंवा दोघांपैकी एक अंथरुणाला खिळला आहे, त्यांनी आपली गाडी तेथे आणून उभी करावी, गाडीतच राहावे, आणि जेवणाची व शुश्रूषेची मदत घ्यावी, अशी ती योजना. पलायनाचे नाव धारण करणाऱ्या संघाने अखेर काय बांधले? थांबण्याची जागा! मी हे उपहासाने म्हणत नाही. उलट या दांपत्याच्या शहाणपणाला माझा नमस्कार आहे. निघताना परतीचा विचार करणारी माणसे जगात थोडी.

आतापर्यंत ज्यांच्याविषयी बोललो ते बहुतेक निवृत्तिवेतनवाले, आपल्या खुशीने निघालेले. परंतु २००८ सालच्या मंदीनंतर अमेरिकेत दुसरीच एक जमात रस्त्यावर आली. घर गेले, ठेवी आटल्या, आणि भाडे परवडेना, म्हणून गाडीत राहायला गेलेली उतारवयाची माणसे. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी त्यांच्यात वावरून 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ साली लिहिले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. ही माणसे हंगामाप्रमाणे कामाच्या मागे फिरतात. उन्हाळ्यात छावणी-मैदानांची राखण आणि संडासांची सफाई. हिवाळ्याच्या तोंडी अॅमेझॉनच्या गोदामात गाडीवाल्यांसाठी खास भरती असे. २००८ साली सुरू झालेली ती योजना आता बंद झाली आहे. आणि ऑक्टोबर उजाडला, की मिनेसोटा व नॉर्थ डकोटा यांच्या सीमेवरील रेड नदीच्या खोऱ्यात बीटाचा हंगाम. हा बीट म्हणजे साखरेचा बीट. बारा-बारा तासांच्या पाळ्या, रात्रीची थंडी, चिखल, आणि ट्रकांतून येणाऱ्या बीटांचे डोंगर रचण्याचे काम. अनेक जोडपी ते बरोबरीने करतात. ब्रूडरबाईंच्या पुस्तकातील प्रमुख स्त्री, लिंडा मे, साठी उलटल्यावर अशी कामे करीत फिरत होती, आणि तिच्या मनात स्वप्न होते ते स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यावर स्वतःच्या हातांनी घर बांधण्याचे. रस्त्यावर राहणारीचे स्वप्न घराचे, आणि घरात राहणाऱ्या आमचे स्वप्न रस्त्याचे!

बाहेरून पाहिले तर दोघांच्या गाड्या सारख्याच दिसतात. तोच डबा, त्याच तीन टाक्या, त्याच दोन खुर्च्या. फरक हा, की एकाला कंटाळा आला तर तो थांबू शकतो. दुसरा थांबला तर उपाशी राहील. कायदाही या दुसऱ्याला फारसा आधार देत नाही. लॉस एंजेलिस शहराचा गाडीत राहण्यास बंदी करणारा नियम तेथील अपील न्यायालयाने २०१४ साली अस्पष्ट म्हणून रद्द केला, हे खरे. पण २०२४ साली ऑरेगनमधील ग्रँट्स पास या शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला, की सार्वजनिक जागेत पथारी पसरून झोपणाऱ्यास शहराने शिक्षा केली तर घटनेचा भंग होत नाही. जगात इतरत्र जाण्याचा हक्क सर्वांना आहे. एका जागी डोळे मिटण्याचा हक्क मात्र ज्याच्यापाशी जागा आहे त्यालाच.

साखरेच्या हंगामामागे फिरणारी जोडपी हे शब्द लिहिताना माझ्यासारख्या बीड जिल्ह्यातल्या मुलाला अमेरिकेपाशी थांबणे शक्य नाही. आमच्या गावात दसरा-दिवाळीच्या सुमारास निम्म्या घरांना कुलपे लागतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' होतो. हा शब्दच मुळी जोडप्याचा आहे. एकटा माणूस गेला तर तो 'अर्धा कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची, कारखान्याच्या फडावर जायचे, कोपी उभारायची, पहाटे अंधारात उसाला भिडायचे, मोळ्या बांधून गाडी भरायची, आणि मार्च-एप्रिलमध्ये परतायचे. टनावर मजुरी, ती उचलीत वळती. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच रस्ता. एक दिवस अंग मोडून आले म्हणून थांबावे, तर 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. त्या कोपीत करडी टाकीही नाही आणि काळीही नाही. बाईने आडोशाला जायचे ते अंधार असेपर्यंत.

माझे चुलते-चुलती असे वीस वर्षे जात आहेत. गेल्या उन्हाळ्यात ती दोघे परतल्यावर मी चुलतीला अमेरिकेतल्या त्या जोडप्यांची हकिकत सांगितली. गाडीत चूल आहे, न्हाणी आहे, म्हातारपणी नवराबायको गावोगाव हिंडतात, तिकडेही साखरेच्या हंगामाला जातात, सगळे सांगितले. तिने निवांत ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग त्यायला मनात आलं तवा थांबता येतंय का रे बाबा?" मी म्हणालो, काहींना येते, काहींना येत नाही. "मग ज्यायला येत नाही ते आमच्यावानीच की," ती म्हणाली आणि जात्याशेजारचे सूप उचलून आत गेली. दहा-बारा पुस्तकांतून मला जे उमगले नव्हते ते तिने एका प्रश्नात मांडले होते.

येथे कोणी म्हणेल, की ही तुलना ओढूनताणून केलेली आहे. बीटाच्या कामाला तासावर पगार मिळतो, गाडी उभी करण्यास जागा आणि वीज-पाणी कामावर घेणारेच पुरवतात. कोठे ते आणि कोठे उघड्या माळावरची कोपी! हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तोच माझा मुद्दा आहे. हंगामी कामासाठी माणसे हलणारच. शेती आणि कारखाने आहेत तोवर ते थांबायचे नाही. पण हलणाऱ्या माणसाला मुक्कामी पाणी, वीज आणि संडास द्यायचा की नाही, हा पैशापेक्षा इच्छेचा प्रश्न आहे. थंडीच्या देशात शेतकऱ्यांचे कारखाने बारा तासांच्या मजुरासाठी नळ आणि विजेची जोडणी करून ठेवू शकतात, तर सहा महिने राहणाऱ्या आमच्या कोयत्यांसाठी ते का होऊ नये? ऊसतोड्यांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे काढण्याची योजना आपल्याकडे आहे. ती वसतिगृहे आईबाप गाडीत बसण्याआधी उघडली पाहिजेत. नंतर उघडली तर मूल फडावर गेलेलेच असते. मी शिकलो तो आजी गावात राहिली म्हणून. माझ्या बरोबरीच्या ज्यांची आजी नव्हती, ते आज या अंकाचे वाचक नाहीत.

माझ्या भटकंतीवेड्या मित्रांना मला नाउमेद करायचे नाही. तरुणपणी देश पाहावा, थोड्या सामानात राहावे, आपली भांडी आणि आपली घाण आपण साफ करावी, जोडीदाराशी बोलून कामे वाटून घ्यावीत. हे सारे त्या फिरत्या जोडप्यांकडून शिकण्यासारखे आहे. जॉन स्टाइनबेक या थोर अमेरिकन लेखकाने १९६० साली आपल्या कुत्र्याला घेऊन अशाच गाडीतून देशभर फेरी मारली आणि त्यावर सुंदर पुस्तक लिहिले. पण त्या पुस्तकातला आनंद घेताना हे ध्यानी ठेवावे, की त्याचे घर जागेवर होते आणि प्रवास संपल्यावर तो त्या घरी परतला. आपणही निघताना एवढा हिशेब करावा, की आपल्या मागे कोणाचे घर उघडे आहे, आपण आजारी पडलो तर गाडी कोठे उभी करू, आणि आपण ज्याला हौस म्हणतो ते आपल्याच वर्गातल्या कोणाच्या आईबापाला दरवर्षी नाइलाजाने करावे लागते का. हा हिशेब करून जो निघेल त्याचा प्रवास सुखाचा होवो. आणि दिवाळीनंतर रात्रीच्या एस. टी.ने गावी जाताना उसाच्या फडाकडेला कोप्यांतले दिवे दिसतील, तेव्हा त्याने ते क्षणभर मोजावेत. तेही संसारच आहेत.